पोस्टडॉकचा अर्ज: साताऱ्यात बसून मेंटॉर कसा शोधायचा?

वायतुरा (सातारा) | १४ जून, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचनमात्र आहे. आज पहिल्यांदा लिहितेय, तेही अडलं म्हणून. सांभाळून घ्या.

वनस्पतीशास्त्रात पीएचडी. थिसिस फेब्रुवारीत सबमिट केला. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, अजून व्हायचीय. एका परीक्षकाचा अहवाल आला, दुसऱ्याचा "येईल, येईल" असं चाललंय. वय ३४ पूर्ण. मुलगी पहिलीत. एका कॉलेजात सीएचबीवर शिकवते, म्हणजे तासाप्रमाणे पैसे, आणि तेही बिल मंजूर होईल तेव्हा. शेजारच्या काकू परवा म्हणाल्या, "आता डॉक्टर झालीस ना, मग परत कसला फॉर्म भरतेस गं?" पोस्टडॉक, पीएचडीनंतरचं ठरावीक मुदतीचं संशोधन, म्हणजे नेमकं काय हे त्यांना सांगायला गेले आणि माझ्याच लक्षात आलं की मलाही ते धड सांगता येत नाही.

माझं काम कासच्या सड्यावरचं, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरचं. पावसाळ्यात जांभ्यावर वीतभर पाण्याची डबकी साचतात, त्यात उगवणाऱ्या वनस्पती. त्यातला माझा लाडका म्हणजे वायतुरा, इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला तुरा येतो तो. शास्त्रीय नावातच सातारा आहे: ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. आठ महिने खडकाच्या फटीत मातीखाली कंद होऊन पडून राहतो आणि पाऊस आला की उठतो.

राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपची (एन-पीडीएफ) जाहिरात निघालीय. पूर्वी सर्ब ही केंद्राची संशोधनाला पैसे देणारी संस्था देत असे, आता तिच्या जागी आलेली एएनआरएफ. महिन्याभराची मुदत. अर्जासाठी मेंटॉर, म्हणजे ज्यांच्याकडे राहून काम करायचं ते संशोधक, आधीच हवा, आणि माझी ओळख आहे ती फक्त माझ्या गाइडची. प्रपोजलचं शीर्षक ठरवलंय: "सातारा जिल्ह्यातील सड्यांवरील हंगामी डबक्यांतील वनस्पतींचे दस्तऐवजीकरण व संवर्धन".

आठ जणांना मेल पाठवले. एकाचंही उत्तर नाही. काय चुकतंय?

---

मिरज_जंक्शन | १५ जून, सकाळी ७:०५

आधी पात्रतेचं बघू, बाकी नंतर. वयाची अट ३५, पण महिलांना ५ वर्षांची सवलत आहे, तेव्हा तुमच्या डोक्यावर वयाची टांगती तलवार नाही. थिसिस सबमिट करून पदवीची वाट बघणाऱ्यांनाही अर्ज करता येतो. निवड झाली आणि पदवी हातात नसली तर तोवर पैसे कमी मिळतात. सर्बच्या काळात पूर्ण रक्कम महिना ५५ हजार होती आणि पदवी येईपर्यंत ३५ हजार. शिवाय संशोधनखर्चाला वर्षाला २ लाख. मुदत दोन वर्षं. ही फेलोशिप आयुष्यात एकदाच मिळते, त्यामुळे घाईत वाया घालवू नका.

पीएचडीचे गाइड मेंटॉर म्हणून चालत नाहीत. आणि मेंटॉरकडे एका वेळी दोनच एन-पीडीएफवाले असू शकतात. ज्यांना मेल टाकले त्यांच्या जागा आधीच भरलेल्या असतील तर ते उत्तर तरी कशाला देतील?

---

किमची_आणि_भडंग (मूळ सांगली, विश्रामबाग) | १५ जून, सकाळी ९:३०

ताई, टेन्शन घेऊ नका. मी चार वर्षं कोरियात काढून आलोय. आपल्या सांगली-कोल्हापूर-सातारा पट्ट्यातली मटेरियल सायन्सची पोरं तिकडं एवढी आहेत की नवीन लॅबमध्ये पाय टाकला तर कोपऱ्यातनं कोणतरी "काय भावा, कुठल्या गावचा?" म्हणतंय. आमची थिन फिल्म, सुपरकपॅसिटरवाली लाइनच पडलीय. एक सीनियर गेला की तो प्रोफेसरला दुसऱ्याचं नाव सांगतो.

पण एक फरक समजून घ्या. मी केला तो प्रोजेक्टवरचा पोस्टडॉक. पैसा प्रोफेसरचा, विषय प्रोफेसरचा, आपण फक्त हात. एक मेल, एक व्हिडिओ कॉल, काम झालं. प्रपोजल-बिपोजल काही नाही. तुम्ही मागताय ती फेलोशिप. तिथं पैसा तुमच्या नावावर येतो, म्हणून विषयही तुमचाच लागतो. दोन्हीचा मेल एकसारखा लिहून चालत नाही. तुमचा मेल जरा इथं टाका बघू.

---

वायतुरा | १५ जून, दुपारी १:१५

टाकते, पण हसू नका. मराठीत सांगायचं तर असा होता:

"आदरणीय सर/मॅडम, दिवसाच्या शुभेच्छा. मी आपल्या मार्गदर्शनाखाली पोस्टडॉक करू इच्छिते. मला पाच शोधनिबंधांचा व सहा वर्षांच्या अध्यापनाचा अनुभव आहे. आपल्या प्रतिष्ठित प्रयोगशाळेत मला संधी मिळाल्यास मी आपली ऋणी राहीन. सोबत बायोडेटा जोडला आहे."

बायोडेटा ११ पानी. फोटोसकट.

---

किमची_आणि_भडंग | १५ जून, दुपारी १:२२

😄😄 ती ग्रीटिंग्ज ऑफ द डे! माझ्या पहिल्या चाळीस मेलना तेच होतं. बायोडेटात वडिलांचं नाव, लग्न झालंय का, जात, आवडी-निवडी, सगळं होतं. खाली "वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे" आणि सही.

---

कागदी_होडी | १५ जून, दुपारी २:४०

हसण्यावारी नेऊ नका, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं. वायतुराताई, या मेलमध्ये सर/मॅडमच्या जागी कुणाचंही नाव घातलं तरी चालेल, तिथेच तो मेला. समोरच्याचा एक पेपर वाचा, खरंच वाचा. त्यात त्याला न सुटलेलं काहीतरी असतं, चर्चेच्या शेवटच्या दोन परिच्छेदांत लाजत-लाजत लिहिलेलं. तिथून सुरुवात करा. दहा ओळींच्या वर जाऊ नका, बायोडेटा दोन पानी करा. "मेंटॉर व्हाल का" असं एकदम विचारू नका, "या प्रश्नावर पंधरा मिनिटं बोलता येईल का" असं विचारा.

आठ जणांना एकाच वेळी सीसी तर केलं नव्हतं ना?

---

वायतुरा | १५ जून, दुपारी २:४४

बीसीसी.

---

चारभिंतीवरून (सातारा) | १५ जून, रात्री १०:१०

मी निवृत्त प्राध्यापक. वनस्पतीशास्त्राचाच, पण प्रयोगशाळेतला. सड्यावर सहलीला गेलो तेवढाच. दोन-तीन निवड समित्यांवर बसून प्रपोजलं वाचली आहेत, म्हणून लिहितो. बोलणं कडक वाटलं तर या पेन्शनरला माफ करा.

तुमच्या शीर्षकातला "दस्तऐवजीकरण" हा शब्द दिसला की वाचणारा मनातल्या मनात फाइल खालच्या गठ्ठ्यात सरकवतो. दस्तऐवजीकरण वाईट आहे म्हणून नव्हे. ते तुम्ही पीएचडीत केलं, उत्तम केलं असेल. पण समितीला दोन वर्षांचे पैसे द्यायचे असतात ते एखाद्या गोष्टीचा उलगडा होण्यासाठी. तुमची यादी ८० वनस्पतींची होती, ती ९५ची होईल. बरं, मग? "संवर्धन" तर आपल्याकडे कुंकवासारखं आहे, प्रत्येक प्रपोजलच्या कपाळाला लावलेलं असतं.

गंमत अशी की प्रश्न तुमच्या हातात आहे आणि तुम्ही तो सहज बोलून गेलात. "आठ महिने कंद होऊन पडून राहतो आणि पाऊस आला की उठतो." अहो, पण कुठला पाऊस? मे महिन्यात यवतेश्वरच्या घाटात वळवाची सर झोडपून जाते, तेव्हा तो का उठत नाही? की उठतो आणि मरतो? त्याला कळतं कशावरून, ओलाव्यावरून, गारव्यावरून, की पाणी किती दिवस साचून राहिलं त्यावरून? आणि हल्ली होतं तसं जूनमध्ये पाऊस येऊन मग तीन आठवड्यांचा खंड पडला, तर उठलेल्या कंदाकडे परत झोपायला काही शिल्लक राहतं का?

हा एक प्रश्न घ्या. मग स्वतःला विचारा, कोणता निकाल आला तर माझं म्हणणं खोटं ठरेल? याचं उत्तर एका वाक्यात देता आलं तर प्रपोजल आहे. नाही आलं तर नुसती इच्छा आहे.

मेंटॉरही यातूनच सापडेल. तुम्ही "कासवर काम करणारे कोण" म्हणून शोधलंत, हो ना? तो माणूस तुम्हाला नकोच आहे, कास तुम्हाला त्याच्याहून जास्त ठाऊक असणार. तुम्हाला हवा कंद किंवा बियांच्या सुप्तावस्थेवर काम करणारा, ज्याच्याकडे तापमान-ओलावा नियंत्रित करणारं ग्रोथ चेंबर आहे. वर्षाला २ लाखांत ते विकत घेता येत नाही. त्या पैशांत ओलावा मोजणारे लॉगर, प्रवास, किरकोळ रसायनं एवढंच बसतं. तेव्हा यंत्र त्याचं, सडा तुमचा. तुमच्या बाजूने देण्यासारखं काही असलं की मेलमधलं ते "ऋणी राहीन" आपोआप गळून पडेल.

---

मिरज_जंक्शन | १५ जून, रात्री १०:३८

सर, दंडवत. वाचनखूण साठवली आहे.

---

हळद_आणि_हिशेब (सांगली) | १६ जून, सकाळी ८:५०

सगळे अर्ज कसा भरायचा ते सांगताय, भरावा का हे कोणी विचारत नाहीय.

मी स्वतः केमिस्ट्रीत पीएचडी. एक पोस्टडॉक केला, मग दुसरा. ३८व्या वर्षी परत आलो तेव्हा भरतीच्या मुलाखतीत बाहेरच्या बाकावर माझेच दोन विद्यार्थी बसले होते. आता वडिलांच्या हळदीच्या अडत दुकानात बसतो. सौद्याच्या दिवशी पिवळा होऊन घरी येतो आणि सुखात आहे. कर्क्युमिनवर माझे दोन पेपर आहेत, बाजारात त्यांना कोणी विचारत नाही, पोतं हातात घेऊन कांडी मोडून बघतात.

ताईंना लहान मूल आहे. दोन वर्षं बाहेरगावी, नंतर पुढे काय याची हमी नाही. सीएचबीचा वेळापत्रकातला चौकोनही तेवढ्यात दुसऱ्याला जाणार. हे कोणीतरी बोलायला हवं होतं.

---

कागदी_होडी | १६ जून, सकाळी ९:३५

बरोबर बोललात, आणि तुमच्या अनुभवावर मी शंका घेत नाही. पण तुम्ही ज्या चौकोनाची काळजी करताय तो चौकोन तरी काय आहे? दर वर्षी नवा अर्ज, नवी मुलाखत. बाहेरच्या बाकावर त्या आजही बसतातच.

मी डीबीटी-आरए (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची रिसर्च असोसिएटशिप) केलं, तेव्हा माझा मुलगा तीन वर्षांचा होता. आई-बाबा सोबत राहायला आले. सोपं गेलं नाही, पहिले सहा महिने तर रोज रात्री वाटायचं की परत जावं. पण रिसर्च असोसिएटला १ जानेवारी २०२३पासून महिना ५८ हजार झालेत, अधिक घरभाडं. वरच्या टप्प्यांना ६१ आणि ६७. घर चालतं. "हमी नाही" हे खरंच आहे, त्यावर माझ्याकडेही उत्तर नाही.

ताई, डीबीटी-आरएचाही अर्ज करून ठेवा. जीवशास्त्रवाल्यांसाठीच आहे, बंगळुरूच्या आयआयएससीकडून चालवतात. एकाच टोपलीत सगळं ठेवू नका.

---

हळद_आणि_हिशेब | १६ जून, सकाळी ९:५२

टोपली म्हणजे सड्यावरची टोपली कारवी का? 🙂 ती सात वर्षांनी फुलते, आमच्या भरतीसारखी.

---

वायतुरा | १७ जून, रात्री १२:२०

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. चारभिंतीवरून सर, तुमचा चारदा.

हळद आणि हिशेब दादा, तुमचं म्हणणं मी नवऱ्याला वाचून दाखवलं. तो कराडला नोकरीला आहे, रोज जाऊन-येऊन करतो. तो म्हणाला, "यांचं बरोबर आहे, पण तू मे महिन्यात सुद्धा दर रविवारी कासला जाऊन कोरडी डबकी बघत बसतेस, त्याचं काय करायचं?" म्हणजे होकार समजायचा.

आज शीर्षक फाडलं. नवीन तीन ओळी:

"वायतुऱ्याचे कंद पहिल्या पावसाने नव्हे, तर पाणी सलग काही दिवस साचून राहिल्यानेच जागे होतात, असे माझे गृहीतक आहे. तसे असेल तर वळवाच्या सरींनी ते फसणार नाहीत, पण जूननंतरच्या खंडाने फसतील. भिजवण्याचे दिवस वेगवेगळे ठेवून आणि मध्ये खंड पाडून हे तपासता येईल."

खोटं कधी ठरेल: नुसत्या ओलाव्याने, पाणी न साचता, कंद तेवढ्याच संख्येने उठले तर.

---

चारभिंतीवरून | १७ जून, सकाळी ६:१५

आता मला वाचावंसं वाटलं. "काही दिवस" हे शब्द मात्र काढा. तीन? सात? तुमच्याकडे पीएचडीच्या चार पावसाळ्यांच्या नोंदी असतील, त्यातून आकडा काढा. तोच तुमचा प्राथमिक पुरावा, आणि तो दुसऱ्या कुणाकडे नाही.

---

एकीवची_लेक | १७ जून, दुपारी ३:३०

मी शास्त्रातली नाही. माहेर कासच्या शेजारचं, आता पुण्यात असते. धागा आवडला म्हणून लिहिते. आमचे आजोबा गुरं घेऊन सड्यावर जायचे. ते म्हणायचे की ज्या डबक्यात गुरं बसतात तिथली फुलं वेगळी. मग मध्ये कुंपण घातलं, चराई बंद झाली, गवत वाढलं म्हणून ओरड झाली, कुंपण परत काढलं. तुमच्या प्रयोगात गुरं आहेत का?

---

वायतुरा | १७ जून, दुपारी ४:०२

नाहीत! आणि असायला हवीत कदाचित. खुराने तळ दाबला गेला तर पाणी जास्त दिवस थांबत असेल. आजोबांना माझा नमस्कार सांगा.

---

चारभिंतीवरून | १७ जून, रात्री ९:२०

मोह होईल, पण गुरं या प्रपोजलमध्ये घालू नका. दोन वर्षं आहेत. "पुढील दिशा" म्हणून एक ओळ लिहा आणि एकीवच्या आजोबांची निरीक्षणं वहीत नोंदवून ठेवा.

---

साखरवाडी_ते_साल्झबर्ग | १८ जून, पहाटे ३:१०

मी युरोपात आहे, म्हणून तिकडचं थोडं. युरोपीय संघाच्या मेरी क्युरी फेलोशिपबद्दल सगळे विचारतात. २०२४ साली १०,३६० अर्ज आले आणि १,६९६ जणांना मिळाली, म्हणजे सहात एक. मुख्य भाग दहा पानांचा, आणि त्यात विज्ञानाइतकंच "तू कोण होणार, यजमान तुला काय शिकवणार" यावर वजन. आपली माणसं तिथे मार खातात. विज्ञान नऊ पानं, बाकी सगळं एका पानात कोंबलेलं. ज्या देशात जायचं तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही, हा तुम्हाला प्रश्न नाही.

जर्मनीच्या हम्बोल्ट फेलोशिपला तारीख नसते, वर्षभरात कधीही अर्ज करता येतो, पण पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत. जपानच्या जेएसपीएस फेलोशिपला तिथला यजमान तुमच्यासाठी अर्ज करतो. म्हणजे तिथेही शेवटी तो दहा ओळींचा मेलच.

पण वायतुराताई, परदेशी जायचं तर एक लक्षात ठेवा. कंद पिशवीत घालून आणता येणार नाहीत. २००२च्या जैवविविधता कायद्याखाली असं साहित्य परदेशी संस्थेकडे नेताना चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा संबंध येतो, वर वनस्पती संसर्गरोधाचे कागद. तुमचा विषय साताऱ्यातच रुजलेला आहे, तेव्हा देशातली फेलोशिप आधी धरताय ते योग्यच. वनविभागाच्या परवानगीचा अर्जही आत्ताच टाका, फेलोशिप मिळायची वाट बघू नका. एक पावसाळा चुकला तर दोन वर्षांतलं अर्धं काम गेलं.

---

वायतुरा | १८ जून, सकाळी १०:४०

पावसाळ्याचं लक्षातच नव्हतं आलं. परवानगीचा अर्ज उद्याच नेऊन देते.

नवी अडचण. माझे पहिले दोन पेपर माहेरच्या आडनावावर, पुढचे तीन सासरच्या. एकात मधलं नाव वडिलांचं आहे, एकात नवऱ्याचं, एकात कोणीच नाही. पासपोर्ट तिसऱ्याच क्रमाने. शोधलं तर चार बायका दिसतात आणि चौघींचा मिळून एक बायोडेटा.

---

कागदी_होडी | १८ जून, सकाळी ११:०५

ऑर्किड! फुलवालं नाही, सोळा आकडी क्रमांक मिळतो ते. फुकट आहे, दहा मिनिटांत होतं. चारही नावं तिथे नोंदवा, पाचही पेपर त्याखाली आणा आणि तो क्रमांक बायोडेटाच्या पहिल्या ओळीत टाका. नाव बदलल्याचं गॅझेट आणि लग्नाचं प्रमाणपत्र स्कॅन करून ठेवा, निवड झाल्यावर कोणीतरी मागणारच.

---

सड्यावरचा_धोंडा | १८ जून, दुपारी १२:३०

पोस्टडॉकच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर "परदेशी फेलोशिप मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी" असे मेसेज फिरतायत. आमच्या एका मित्राचे २० हजार गेले. मेरी क्युरी, हम्बोल्ट कोणीही अर्जाचे पैसे घेत नाही.

---

किमची_आणि_भडंग | १८ जून, दुपारी १२:५५

आणि सगळ्या डेटाच्या तीन प्रती करा, पाया पडतो. ऑगस्ट २०१९ला कृष्णामाई घरात आली तेव्हा माझा लॅपटॉप खालच्या मजल्यावर होता आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. आयर्विन पुलावरनं पाणी बघायला मी स्वतः गेलो होतो, येडा. घरी आलो तोवर जिन्याच्या चार पायऱ्या पाण्यात.

---

वायतुरा | २४ जून, रात्री ११:१५

आधी चांगली बातमी. सुप्तावस्थेवर काम करणाऱ्या तिघांना स्वतंत्र मेल लिहिले, प्रत्येकाचा एकेक पेपर वाचून. प्रत्येक मेलला दोन दिवस गेले. एकाने लिहिलं की त्यांच्याकडे आधीच दोन फेलो आहेत (मिरज जंक्शन, तुमच्या तोंडात साखर). एकाचं उत्तर नाही. तिसऱ्या बंगळुरूच्या मॅडम. त्यांचा सगळा अभ्यास बियांवर. मी लिहिलं होतं की तुमच्या बिया एकदा उठल्या की परत झोपू शकत नाहीत, माझा कंद कदाचित झोपू शकतो, तर तुलना करायला आवडेल का? त्यांनी चार तासांत उत्तर दिलं, त्यात एकच ओळ: "परत झोपतो हे तुम्ही पाहिलंय?"

पाहिलंय. दुसऱ्या पावसाळ्यात, खंडानंतर, एका डबक्यात. तेव्हा तो अपवाद समजून थिसिसमध्ये तळटीपही दिली नव्हती. वहीतला फोटो पाठवला. काल पाऊण तास बोलणं झालं. हो म्हणाल्या.

आता वाईट. दोन शिफारसपत्रं हवीत. गाइड म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." स्वतःचं कौतुक स्वतः कसं लिहायचं?

---

चारभिंतीवरून | २५ जून, सकाळी ६:३०

तळटीपही दिली नव्हती! अशाने आम्ही म्हातारे लवकर जातो.

पत्राचं: पूर्ण पत्र लिहून नेऊ नका. तुमची आणि दुसऱ्या उमेदवाराची भाषा सारखी निघते ती यामुळेच. गाइडना एका पानावर पाच घटना लिहून द्या, कौतुक नको. अमुक तारखेला लॉगर बंद पडला तेव्हा मी अमुक केलं, असं. मग म्हणा, सर, यातलं तुम्हाला आठवतं ते लिहा. आठवण करून दिली की माणूस आपणहून लिहितो. "कष्टाळू, प्रामाणिक, वक्तशीर" हे शब्द दिसले तर नम्रपणे खोडायला सांगा, तो वॉचमनचा दाखला वाटतो.

---

साखरवाडी_ते_साल्झबर्ग | २५ जून, दुपारी १:००

आणि गाइडचा मेल जीमेलचा असेल तर संस्थेचा चालू करून घ्या. काही ठिकाणी पत्राची लिंक फक्त संस्थेच्या पत्त्यावर जाते, आणि ती स्पॅममध्ये पडलेली असते.

---

मिरज_जंक्शन | २५ जून, दुपारी ३:१८

यजमान संस्थेचं मान्यतापत्र विसरू नका, प्रमुखांची सही आणि शिक्का. मॅडम हो म्हणाल्या म्हणजे त्यांचं ऑफिस हो म्हणालं असं नाही. सही करणारे साहेब शेवटच्या आठवड्यात हमखास दौऱ्यावर असतात. नमुना भरून आजच पाठवा, मॅडमना काही टाइप करायला लावू नका.

---

हळद_आणि_हिशेब | २५ जून, रात्री ८:४५

प्रपोजलचा मसुदा कुणाला वाचून हवा असेल तर माझ्याकडे पाठवा. दुपारी दुकान रिकामंच असतं. वनस्पतीशास्त्र येत नाही, पण वाक्य कुठे फुगलंय ते कळतं.

---

वायतुरा | २५ जून, रात्री ९:०२

दादा, पाठवते. खरंच.

---

वायतुरा | १३ जुलै, रात्री १०:५०

अर्ज गेला. मुदतीच्या चार दिवस आधी.

हळद आणि हिशेब दादांनी तीन वेळा वाचून दिला. पहिल्या वेळी "जागतिक हवामानबदलाच्या पार्श्वभूमीवर" यावर लाल रेघ मारून लिहिलं होतं, "ही पार्श्वभूमी काढली तर पुढचं सगळं जसंच्या तसं राहतं, मग ठेवायची कशाला?" काढली. चार पानं कमी झाली. सही करणारे साहेब खरोखरच दौऱ्यावर होते. मान्यतापत्र नवव्या दिवशी आलं. डीबीटी-आरएची फाइलही वेगळी करून ठेवलीय. व्हायवाची तारीख अजून नाही, पण दुसरा अहवाल आला.

वनविभागाची परवानगी मिळाली, निरीक्षणाची. कंद काढण्याची वेगळी लागेल.

काल कासला गेले होते. जूनच्या शेवटी चांगला झाला होता पाऊस, पण गेले अकरा दिवस टिपूस नाही. डबकं क्रमांक ७ आटलंय. पानं पिवळी पडून चिखलाला चिकटलीत. एकही कंद उकरला नाही, नुसती खूण करून आले. मुलीने प्रत्येक खुणेला नाव ठेवलंय.

---

चारभिंतीवरून | १४ जुलै, सकाळी ६:०५

तारीख, वेळ, तळाचा ओलावा आणि फोटो, रोज. रविवारी मीही येतो. पोवई नाक्यावरून सकाळी किती वाजता निघता?

---

वायतुरा | १४ जुलै, सकाळी ६:२०

साडेसहाला. सर, बूट जुनेच घाला.